मोटेरा ते माणेक चौक

अहमदाबादला मी आजवर किती वेळा गेलो असेन, याचा हिशेब आमच्या पेढीच्या प्रवासखर्चाच्या वहीत सापडेल. धंदा कापडाचा, नाशिकहून दर दोन-अडीच महिन्यांनी खरेदीसाठी तिकडे जाणे क्रमप्राप्तच. मस्कती मार्केट, न्यू क्लॉथ मार्केट, आडत्याची गादी, ट्रान्सपोर्टचे कार्यालय आणि परतीची गाडी. वीस वर्षे माझे अहमदाबाद एवढेच होते. निदान घरी मी तसेच सांगत आलो. त्याविषयी पुढे लिहितो.

२०२५ च्या जानेवारीत मात्र मी तेथे एक वारही कापड न घेता जाऊन आलो. निमित्त सांगताना आजही थोडा संकोच वाटतो. इंग्लंडमधील ‘कोल्डप्ले’ नावाच्या चार वादकांच्या संचाचे गायन ऐकण्यासाठी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, एकोणीस वर्षांच्या भाचीला सोबत घेऊन मी गेलो होतो.

ज्यांना हे नाव ठाऊक नाही अशा वडीलधाऱ्या वाचकांसाठी थोडे सांगतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकणाऱ्या चार मुलांनी १९९६ च्या सुमारास एकत्र येऊन हा संच उभारला. ख्रिस मार्टिन गातो व पियानो वाजवतो, जॉनी बकलंड गिटार, गाय बेरीमन बेस आणि विल चॅम्पियन ड्रम. आजही तेच चौघे आहेत. व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर मला यांच्या गाण्याइतकेच नवल या भागीदारीचे वाटते. आरंभीच्या काळात त्यांनी ड्रमवाल्याला काढून टाकले, मग चूक उमगून सन्मानाने परत बोलावले, आणि तेव्हापासून मिळकतीची वाटणी चौघांत समसमान ठेवली. नफ्याचा दहावा हिस्सा ते दानासाठी बाजूला काढतात. आपल्याकडे सख्ख्या भावांच्या पेढ्या किती वर्षे एका पाटीखाली टिकतात, हे मी या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको.

त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका ‘पॅराशूट्स’ २००० साली आली. मी तेव्हा पुण्यात वाणिज्य शाखेत शिकत होतो. त्यातील ‘यलो’ हे गाणे एका मित्राकडे ऐकले आणि दुसऱ्याच दिवशी कॅसेट विकत घेतली. शिक्षण संपवून पेढीवर बसलो तेव्हा ती कॅसेट जुन्या नमुन्यांच्या गठ्ठ्यात ठेवली. थोरल्या बंधूंच्या लेखी इंग्रजी गाणे म्हणजे आरडाओरडा, आणि त्यांच्याशी वाद घालण्याची माझी प्राज्ञा नव्हती. पुढे कॅसेट गेली, मोबाईल आला, पण लपवण्याची सवय तशीच राहिली. मालाच्या गाडीची वाट पाहताना मी कानांत यंत्र घालून जे ऐकत असे, ते भजन असावे असा दुकानातल्या मंडळींचा समज होता. मी तो कधी दुरुस्त केला नाही.

१९ नोव्हेंबर २०१६ रोजी हा संच मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर आला होता. ८ नोव्हेंबरला नोटाबंदी जाहीर झालेली. बरोबर अकराव्या दिवशी गाणे ऐकायला जाण्याची कल्पना कोणत्या व्यापाऱ्याच्या मनात येईल? त्या शनिवारी मी पेढीच्या कामासाठी बँकेच्या रांगेत होतो.

म्हणून २२ सप्टेंबर २०२४ ला मुंबईच्या कार्यक्रमांची तिकिटे निघणार असे कळले, तेव्हा बहिणीच्या मुलीला विश्वासात घेतले. बोरिवलीला राहणारी ही मुलगीही याच संचाची चाहती निघाली. संवत्सरी होऊन पंधरवडा उलटला होता. रविवारी दुपारी बारा वाजता ती तिकडे आणि मी इकडे, दोघेही मोबाईल हातात घेऊन बसलो. माझा क्रमांक सात लाखांच्या पुढे लागला. नोव्हेंबरमध्ये अहमदाबादचा कार्यक्रम जाहीर झाला आणि १६ तारखेला तिला २५ जानेवारीची दोन तिकिटे मिळाली. तिने दूरध्वनीवर जो आनंदाचा चीत्कार केला, तो गादीवर बसलेल्या थोरल्या बंधूंनाही ऐकू गेला, आणि चोवीस वर्षांचे माझे गुपित कापडाच्या ताग्यासारखे उलगडून पडले. ते रागावले नाहीत. चष्मा वर करून त्यांनी एवढेच विचारले, “तिकिटाचे पैसे कोणत्या खाती टाकायचे?” पत्नीने सोबत येण्यास नकार दिला, एका घरात असा एकच वेडा पुरे, असे तिचे मत पडले.

आईला सांगणे उरले होते. आई सत्याहत्तर वर्षांची. गेली चाळीस वर्षे तिने चौविहार सोडलेला नाही; सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. तिने सगळे शांतपणे ऐकले. “रात्रीचा कार्यक्रम आहे का?” असे विचारले. मी हो म्हणालो. “मग जा. बाकी काही सांगत नाही. तेवढे पच्चक्खाण मोडू नकोस.”

आता पुढे लिहितो म्हटले होते ते लिहितो. घरी मी चौविहार पाळत असे. आईच्या ताटाशेजारी माझे ताट सूर्य मावळण्यापूर्वी वाढले जाई आणि उचलले जाई. परंतु अहमदाबादच्या खरेदीत दिवसभर गाठी पाहून, भाव करून थकल्यावर रात्री दहा-साडेदहाला माझी पावले माणेक चौकाकडे वळत. ज्यांनी तो चौक पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल: सकाळी तेथे गाईंना चारा घालतात, दिवसभर सोन्याचांदीचा बाजार भरतो, आणि सराफांची दुकाने बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांसमोर खाद्यपदार्थांच्या गाड्या लागतात. लोण्याने माखलेली पावभाजी, चीज किसून डोंगर केलेली सँडविचेस, गवार नावाला नसलेला आणि नाव मात्र ‘ग्वालिया’ असलेला डोसा. रात्रीचे खाणे, त्यात बटाटा. एका वहीत घरचा चौविहार आणि दुसऱ्या वहीत माणेक चौक, अशी दोन खाती मी वीस वर्षे चालवली. घरी कोणी विचारले नाही म्हणून खोटे बोलावे लागले नाही, एवढ्यावर मी स्वतःचे समाधान करून घेत असे.

२४ तारखेच्या रात्री बोरिवलीहून गुजरात मेल पकडली. डबा एरवी आमच्यासारख्या व्यापाऱ्यांनी आणि लग्नाच्या वऱ्हाडांनी भरलेला असतो. त्या रात्री निम्मे प्रवासी तरुण, अंगात एकाच नक्षीचे सदरे. समोरच्या बाकावर कोचीच्या एक डॉक्टर होत्या, चाळिशीच्या, एकट्या. अहमदाबादची विमाने त्या आठवड्यात परवडेनाशी झाल्याने त्या मुंबईपर्यंत विमानाने आणि पुढे रेल्वेने निघाल्या होत्या. वर्षापूर्वी याच संचाला ऐकण्यासाठी त्या बँकॉकलाही जाऊन आल्या होत्या. भाचीने विचारले, इतके का आवडते? त्या म्हणाल्या, कोविडच्या वॉर्डातली रात्रपाळी संपली की त्या घरी न जाता रुग्णालयाच्या आवारात, आपल्या गाडीत काचा वर करून बसत आणि ‘फिक्स यू’ हे एकच गाणे दोनदा ऐकत. मग घरी जात. यापलीकडे त्यांनी काही सांगितले नाही व आम्हीही विचारले नाही. नंतर त्यांनी माझ्याकडे वळून माझी कथा विचारली. नमुन्यांच्या गठ्ठ्यातल्या कॅसेटची हकीकत मी आयुष्यात प्रथमच कोणापुढे सांगितली, आणि ती ऐकून शेजारच्या बाकांवरचे चार-पाच जण मनापासून हसले. त्या हसण्यात टिंगल नव्हती. आपल्यात साधर्मिक बंधू भेटल्यावर जो मोकळेपणा येतो, तसाच काहीसा तो होता. साधर्मिक हा शब्द येथे वापरावा की नाही याचा मी बराच विचार केला. दुसरा शब्द सापडला नाही.

त्या दिवसांत हॉटेलांचे दर आकाशाला भिडले होते. माझ्या नेहमीच्या उताऱ्याच्या व्यवस्थापकाने नेहमीच्या पाचपट भाडे सांगितले, तेही ओळख दाखवून. आमच्या आडत्याला हे कळताच त्याने आम्हाला आपल्या जुन्या शहरातील पोळीत नेले. २०१७ मध्ये अहमदाबाद हे युनेस्कोच्या यादीतील भारताचे पहिले जागतिक वारसा शहर ठरले, ते या पोळींमुळेच. अरुंद गल्ली, तोंडाशी दरवाजा, कोरीव लाकडी घरे, कोपऱ्यावर देरासर आणि मधोमध पक्ष्यांना दाणे घालण्यासाठी उभारलेला चबुतरा. शेकडो खरेद्या करूनही मी या गल्लीत कधी पाऊल टाकले नव्हते. आडत्याच्या पत्नीने दुपारी थेपले, खाखरे आणि सुखडीचा डबा बांधून दिला व बजावले, “भाई, सूर्यास्त सव्वासहाच्या पुढेमागे आहे.”

मोटेऱ्याचे मैदान आमच्या पिढीला क्रिकेटमुळे माहीत. १९८७ मध्ये गावस्करांनी कसोटीतील दहा हजारावी धाव येथेच घेतली. आता त्याजागी एक लाख बत्तीस हजार आसनांचे नवे नरेंद्र मोदी स्टेडियम उभे आहे. मेट्रोतून उतरल्यावर दिसलेली रांग मी पालीताण्याच्या कार्तिकी पौर्णिमेलाच पाहिली आहे. पिशवी आणि बाहेरचे खाद्य आत नेण्यास मनाई होती. म्हणजे जे खायचे ते बाहेरच, आणि रांग सोडली तर जागा जाणार. आमची चुळबुळ पाहून मागे उभ्या असलेल्या इंदूरच्या तीन विद्यार्थ्यांनी कारण विचारले. सांगितल्यावर त्यांतला एक म्हणाला, “अंकल, तुम्ही बसून जेवा, तुमची जागा कुठे जात नाही.” रस्त्याच्या कडेला वर्तमानपत्र अंथरून आम्ही डबा उघडला. अर्धे थेपले त्या तिघांना दिले. रात्रीच्या गाडीत जागेपणी बसून आलेली ती मुले ते पाहता पाहता संपवून मोकळी झाली आणि बदल्यात वेफर्सची पिशवी पुढे केली. बटाटा आम्ही खात नाही म्हटल्यावर त्यांतल्या सर्वांत लहानाने, अगदी निर्मळपणे, विचारले, “रात्री खायचे नाही, पण रात्री नाचलेले चालते का?”

रात्रिभोजन का टाळायचे हे मला सांगता येते. दिव्यावर झेपावणारे सूक्ष्म जीव अन्नात पडतात, ते दिसत नाहीत, हिंसा घडते. पण हे बोलता बोलताच माझी नजर स्टेडियमच्या छतावरील दिव्यांच्या अखंड वर्तुळाकडे गेली. त्या दिव्यांवर आज किती जीव झेपावतील? त्या मुलाला मी उत्तर दिले नाही. अजूनही माझ्याकडे ते तयार नाही. महाराजसाहेबांना विचारायचे आहे.

आत आमच्या जागा बऱ्याच उंचावर होत्या. सहा वाजता पाण्याच्या टाकीशी जाऊन दोघांनी पोटभर पाणी प्यायलो. भाचीचा नियम नाही, तरी ती म्हणाली, “मामा, आज मीही करते.” समोर ध्वनिवर्धकांच्या चाचण्या चालू असताना, गर्दीच्या गोंगाटात, मी चौविहाराचे पच्चक्खाण घेतले. घराबाहेर घेतलेले असे हे पहिलेच.

कार्यक्रमाचे वर्णन फार करीत नाही. ज्यांनी पाहिला त्यांना नको आणि इतरांना ते शब्दांत उमगायचे नाही. साडेसात वाजून गेल्यावर ते चौघे आले. प्रवेशद्वारापाशी प्रत्येकाच्या मनगटावर एक पट्टा बांधला होता. गाण्याच्या तालावर ते लाखभर पट्टे एकाच वेळी पिवळे, निळे, तांबडे होत, आणि आपल्या हातातला दिवा हा त्या समुद्रातला एक थेंब आहे हे दिसे. ‘यलो’ सुरू झाले तेव्हा मला एकही शब्द आठवायची गरज पडली नाही. शेजारी गुवाहाटीचे एक रेल्वे कर्मचारी होते, माझ्याच वयाचे, ओळख तासाभराची. दोघेही बेसूर, दोघेही मोठ्याने. घसा कोरडा पडला होता. पाण्याची टाकी दीडशे पावलांवर होती आणि ती मला तीन तास दिसत राहिली.

‘अ स्काय फुल ऑफ स्टार्स’ हे गाणे ख्रिस मार्टिन या दौऱ्यात मध्येच थांबवतो आणि सर्वांना मोबाईल खिशात ठेवायला सांगतो. त्या रात्री एवढ्या जनसमुदायाने ते ऐकले. आपल्या सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटे कोठे आणि ही चार मिनिटे कोठे. तरी सामायिकात बसलेल्या किती जणांचा हात खिशाकडे जातो, हे मी स्थानकात आणि उपाश्रयातही पाहिले आहे. त्या गणतीत मीही येतो. शेवटाकडे ‘फिक्स यू’ झाले. कोचीच्या डॉक्टर खाली मैदानात कोठेतरी होत्या. दिव्यांच्या त्या गर्दीत त्यांना शोधणे शक्य नव्हते, पण मी शोधत राहिलो.

बाहेर पडताना मनगटी पट्टा पेटीत परत टाकायचा होता. २०१९ मध्ये या संचाने, पर्यावरणाला बाधक ठरणार नाही असा मार्ग सापडेपर्यंत दौरा करणार नाही, असे जाहीर केले होते; हे पट्टे वनस्पतिजन्य पदार्थांपासून बनवलेले असून एका शहरातून दुसऱ्या शहरात पुन्हा वापरले जातात, ही त्याच प्रयत्नातली एक गोष्ट. पुष्कळ जण आठवण म्हणून पट्टा खिशात घालत होते. माझाही हात खिशाकडे गेला होता, हे कबूल केले पाहिजे. चोवीस वर्षांनंतर एवढे तरी जवळ असावे असे वाटले. भाचीने आपला पट्टा पेटीत टाकला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “मामा, अदत्तादान.” पाठशाळेची फी वाया गेली नाही असे मनात म्हणत मी तो सोडून दिला.

दाराशी पुन्हा इंदूरची मुले भेटली, डॉक्टरही दूरध्वनीवरून ठरवून येऊन मिळाल्या. सगळे भुकेले. मुले म्हणाली, अंकल, अहमदाबाद तुम्हाला माहीत आहे, कोठे जावे? त्या रात्री मेट्रोची वेळ वाढवलेली होती. जुन्या हायकोर्टापाशी गाडी बदलून घीकांट्याला उतरलो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मी त्यांना माणेक चौकात घेऊन आलो. सवयीने पुढे झालो. या गाडीवर तेल जुने असते, तिकडे जा, पावभाजी कोपऱ्यावरच्याची, त्याला लोणी वरून घालू नकोस, तव्यावरच घाल म्हणून सांगा. आणि त्या कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या गाडीवाल्याने मला पाहून हात वर केला: “आवो शेठ, घणा दिवसे!” मग न विचारता एक थाळी पुढे केली.

मी हात जोडून नको म्हणालो. तो चकित झाला. त्याहून चकित भाची झाली होती. ती थाळीकडे, मग त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहत राहिली. तिने एक शब्द विचारला नाही. मुले जेवत होती, लोणी तव्यावर चरचरत होते, आणि आम्ही दोघे बंद सराफी दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. आयुष्यात इतकी भूक मला कोणत्याही उपवासाला लागलेली नाही.

सकाळी नवकारशी झाल्यावर, दिल्ली दरवाजाबाहेरच्या हठीसिंगांच्या देरासरात गेलो. डॉक्टरांना ते पाहायचे होते. पंधरावे तीर्थंकर धर्मनाथ भगवान मूलनायक, सभोवती बावन्न देवकुलिका, पांढऱ्या संगमरवरावर बोटभर जागाही कोरल्यावाचून सोडलेली नाही. शेठ हठीसिंग केसरीसिंग यांनी काम आरंभले आणि ते मध्येच निवर्तले. त्यांच्या पत्नी हरकुंवर शेठाणींनी ते हाती घेऊन १८४८ मध्ये पूर्ण केले, हे मी डॉक्टरांना सांगितले. त्या म्हणाल्या, त्या काळात एका विधवा स्त्रीने? आणि बराच वेळ एका खांबापाशी उभ्या राहिल्या. दर्शन घेऊन बाहेर आल्यावर, पायांत चपला घालताना, भाचीने हलकेच विचारले, “आजीला सांगणार का?”

“हो,” मी म्हणालो.

सोमवारी सकाळी नाशिकला पोचलो. आई देवपूजा आटोपून दाण्यांतले खडे निवडत बसली होती. तिने विचारले, “पच्चक्खाण?” मी म्हणालो, “पाळले.” ती मान हलवून पुन्हा खडे निवडू लागली. मग मी तिच्याजवळ बसलो आणि माणेक चौकाची वीस वर्षांची वही उघडली. एकही नोंद गाळली नाही. सांगून झाल्यावर माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या.

आईने सूप खाली ठेवले. “अहमदाबादहून आलास की तुझ्या सदऱ्याच्या बाहीवर लोण्याचे डाग असायचे,” ती म्हणाली. “वीस वर्षे साबणाने घासून मीच काढले. कापडबाजारात लोणी कोण विकतो?”

मग तिने ते गाणे कोणते होते ते लावायला सांगितले.